सहीशिवाय भीती ग्राह्य नाही

माझ्या भीतीला कागदोपत्री अस्तित्व मिळाले ते एका मंगळवारी, संध्याकाळी सव्वापाच वाजता. तोवर सत्तेचाळीस वर्षे ती माझ्या छातीत बिनभाड्याने राहत होती. पण तिची नोंद कुठेच नव्हती. आणि ज्याची नोंद नाही ते अस्तित्वात नाही, अशा शिस्तीच्या कार्यालयात मी नोकरी करतो. जन्म आणि मृत्यू यांच्या नोंदींचे दप्तर माझ्या ताब्यात आहे. एखादा माणूस स्वतःच्या पायांनी चालत खिडकीपाशी आला आणि ‘मी जन्मलो आहे’ असे म्हणाला, तरी आम्ही त्याच्याकडे आधी संशयाने आणि मग त्याच्या हातातल्या कागदाकडे आशेने पाहतो.

“चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की नेमकं काय होईल असं वाटतं तुम्हाला?” समुपदेशक बाईंनी विचारले. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल आणि एक भिंतीवरचे घड्याळ होते. घड्याळ असे टांगलेले होते की ते फक्त त्यांना दिसावे.

“आवाज कापेल,” मी म्हणालो.

“कापला तर?”

“हात थरथरतील. हातातला कागद फडफडेल. त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल. कागदाचा. माझा नाही.”

“मग?”

“मग लोक हसतील.”

“हसले तर? मग काय होईल?”

इतकी वर्षे मी या भीतीच्या जिन्याने उतरत आलो होतो, पण शेवटच्या पायरीखाली काय आहे हे पाहण्याची वेळ कधी आली नव्हती.

“ते माहीत नाही,” मी म्हणालो. “तिथपर्यंत मी कधी थांबलोच नाही.”

हे अक्षरशः खरे होते. तीन वर्षांपूर्वी आमच्या साहेबांच्या निरोपसमारंभात मी ‘सन्माननीय’ एवढा एकच शब्द उच्चारला होता आणि दाराबाहेर पडलो होतो. त्यातही माझी काही अप्रतिष्ठा झाली नसती. ‘याला अचानक काम निघाले असावे’ असे लोकांनी मानले असते. पण हातातला माईक ठेवायला मी विसरलो. माईकला वायर होती, वायरीच्या वाटेत फुलदाणी होती, आणि फुलदाणीच्या वाटेत साहेब होते. तेव्हापासून आमच्या कार्यालयात वायरचा माईक वापरत नाहीत. या सुधारणेचे श्रेय मला कुणी उघडपणे देत नाही.

आता पुन्हा तोच प्रसंग ओढवला होता, आणि या वेळी पळून जाण्याची सोय नव्हती. माझी ताई एका शाळेची मुख्याध्यापिका. सहा आठवड्यांनी ती निवृत्त होणार होती. आई गेल्यानंतर माझ्या प्रगतिपुस्तकावर ‘पालकाची सही’ या ओळीपुढे अकरा सह्या झाल्या, त्या सगळ्या तिच्या. तिने फोन करून सांगितले, “निरोपाला तू बोलायचंस. दोन वाक्यं बोल, पण तूच बोल. नाहीतर कुणीच बोलू नका, मी सरळ चहा पिऊन घरी येते.” ताई आग्रह करत नाही. ती फक्त पर्याय इतके कमी करते की उरलेला पर्याय आपलाच वाटू लागतो.

समुपदेशक बाईंनी मला एक वही दिली. तिच्यात रकाने आखलेले होते: प्रसंग, मनात आलेला विचार, तो खरा ठरेल याची खात्री किती टक्के, बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, प्रत्यक्षात काय घडले.

“विचार आला म्हणजे तो खराच असतो असं नाही,” त्या म्हणाल्या. “विचार हा एक अर्ज समजा. तो मंजूर करायचा की फेटाळायचा, हे पुरावे तपासून आपण ठरवायचं. भीतीला वाटतं की अर्ज केला की तो मंजूरच.”

त्यांनी हे इतर कुणाही माणसाला सांगितले असते तर ती एक साधी उपमा ठरली असती. माझ्या बाबतीत मात्र त्यांनी नकळत एका दबलेल्या शक्तीला वाट करून दिली. गेली तेवीस वर्षे मी अर्ज आणि पुरावे यांच्यातच जगत आलो आहे. घरी जाईपर्यंत मी वहीला आवक क्रमांक दिला होता, आणि रात्रीच्या जेवणाआधी प्रत्येक पानावर एक सातवा रकाना आखला होता: ‘साक्षीदाराची सही’. सहीशिवाय पुरावा कसला?

“हे बाईंनी सांगितलंय?” बायकोने विचारले. ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासते. तिच्याकडे माणसे येत नाहीत, फक्त नळ्या येतात, आणि त्या नळ्या कधी काही लपवत नाहीत. त्यामुळे माझ्याशी बोलताना तिला नेहमीच थोडी खोटेपणाची शंका येते.

“त्यांच्याकडून राहून गेलं असावं,” मी म्हणालो.

तिने पहिले पान वाचले. “‘प्रसंग: बायकोला वही दाखवणे. विचार: ती म्हणेल, मी सांगितलंच होतं. खात्री शंभर टक्के.’ आणि विरुद्ध पुराव्याचा रकाना रिकामा का?”

“शोध चालू आहे.”

“बावीस वर्षांत एकही नाही मिळाला?” ती म्हणाली, आणि साक्षीदार म्हणून सही करून स्वयंपाकघरात निघून गेली.

उपचाराची रीत अशी, की भीतीच्या लहान पायऱ्या आधी चढायच्या. पहिली पायरी: रस्त्यात अनोळखी माणसाला वेळ विचारणे. मी विचारली. त्या गृहस्थांनी माझ्या मनगटाकडे पाहून म्हटले, “घड्याळ आहे की तुमच्या हातात.” मी म्हणालो, “ते आहे, पण मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.” त्यांनी वेळ सांगितली. इथवर सर्व सुरळीत झाले होते. पण मग मी वही पुढे केली आणि सही मागितली, तेव्हा ते झपाझप पावले टाकत पलीकडच्या फुटपाथवर गेले. मी नोंद केली: ‘विचार: समोरचा माणूस मला वेडा समजेल. खात्री ऐंशी टक्के. प्रत्यक्षात: समजला. परंतु सही मागेपर्यंत समजला नव्हता.’

बाईंनी हे शांतपणे वाचले. मला वाटते, त्या दिवशी त्यांनाही एखादी वही लागली असती.

“सही मागू नका,” त्या म्हणाल्या.

“मग हे ग्राह्य कसं धरणार?”

“तुम्ही तिथे होतात ना? तेवढं पुरे.”

मी होतो, एवढे पुरेसे असते ही कल्पनाच मला धक्कादायक वाटली. आमच्या कार्यालयात ती कधीही पुरेशी ठरलेली नाही. मी मान डोलावली आणि रकाना तसाच ठेवला.

दुसरा गृहपाठ अवघड होता: ओळखीच्या पाच जणांना विचारायचे, ‘भाषण करताना एखाद्याचा आवाज कापला, तर तुम्हाला त्याच्याविषयी काय वाटते?’ आणि त्याच सुमारास तिसरी पायरी: एखाद्या छोट्या सभेत दोन मिनिटे बोलायचे. आमच्या इमारतीची मासिक सभा जवळ आली होती. मी सेक्रेटरींकडे गेलो.

“सभेत बोलायचं आहे? विषय?”

“विषय असा नाही. मला फक्त बोलायचं आहे.”

सेक्रेटरींनी चष्मा काढला. “विषय नसताना बोलण्याची तरतूद नाही. म्हणजे बोलतात सगळे, पण तरतूद नाही. सात दिवस आधी लेखी द्या.”

जिन्यात मला वरच्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर भेटले. त्यांना सगळे सांगणे भाग पडले, कारण ते न सांगता कुणाला जिना उतरू देत नाहीत. ते म्हणाले, “साहेब, दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, समोर माणसं नाहीत, सिमेंटच्या गोण्या आहेत असं समजायचं. मी तीस वर्षं तसंच समजत आलो, कधी अडलं नाही. दुसरं, विषय हवा ना? गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण. गंजून गेलंय. लिहून टाका.”

मी लिहून टाकले, तीन प्रतींत. आणि त्याच संध्याकाळी पाच जणांच्या मतांचा नमुना टंकलिखित करून, खाली सहीसाठी ठिपक्यांची ओळ देऊन, दारोदार फिरलो.

इथे माझ्याकडून एक चूक झाली, आणि ती माझ्यासारख्याच माणसाकडून होऊ शकते. कार्यालयात सही म्हणजे केवळ सत्याची पावती असते. इमारतीत मात्र एखादा सभासद सात दिवस आधी लेखी विषय देतो आणि मग दारोदार फिरून सह्या गोळा करतो, याचा अर्थ एकच होतो. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर विशेष सभेची नोटीस लागली. विषय पहिला: ‘सभासद क्रमांक अकरा यांनी विद्यमान सेक्रेटरींविरुद्ध चालवलेली सह्यांची मोहीम.’ विषय दुसरा: ‘टाकीचे झाकण.’

दोन मिनिटांच्या छोट्याशा पायरीचा कडा झाला होता. मी बाईंना फोन करून उपचार थांबवण्याची परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, “काय होईल असं वाटतं?” मी म्हणालो, “या वेळी वाटत नाही, नोटीस लागलीय.” त्या म्हणाल्या, “जा. आणि खिशातल्या गोळ्या व पाण्याची बाटली घरी ठेवा.” घसा कोरडा पडू नये म्हणून मी नेहमी चार गोळ्या आणि एक बाटली बाळगतो. बाईंच्या मते माझा सगळा विश्वास त्या बाटलीवर आहे, माझ्यावर नाही. हे खरे आहे. पण बाटलीने मला कधी दगा दिलेला नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता इमारतीच्या वाहनतळात खुर्च्या मांडल्या गेल्या. मी शेवटच्या रांगेत, खांबाआड. सेक्रेटरी उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, म्हणजे दोन इमारतींना पुरेल असा.

“कोणत्या कागदावर सह्या घेतल्या जात आहेत, ते सभेला कळलं पाहिजे. कागद पटलावर ठेवा.”

कागद माझ्या हातून पुढे पुढे सरकत त्यांच्यापाशी पोहोचले. त्यांनी वरचा उचलला आणि खणखणीत स्वरात वाचायला सुरुवात केली. “‘भाषण करताना एखाद्याचा आवाज कापला, तर तुम्हाला त्याच्याविषयी काय वाटते?’” ते थबकले. “हा काय प्रश्न आहे?”

“उत्तर वाचा की,” ओव्हरसियर म्हणाले. “उत्तर माझं आहे.”

“‘आवाज कापणारा माणूस खरे बोलत असावा असे मला वाटते,’” सेक्रेटरींनी वाचले. “‘आवाज अजिबात न कापणारा माणूस म्हणजे’...”

एकदा मोठ्याने सुरू केलेले वाक्य सभेसमोर मध्येच सोडता येत नाही.

“‘...म्हणजे आमचे सेक्रेटरी.’”

शेवटच्या शब्दावर त्यांचा आवाज कापला. हातातला कागद फडफडला, आणि त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला. मी शेवटच्या रांगेतच होतो. मी तो स्वच्छ ऐकला. जन्मभर जो आवाज मी फक्त आतून ऐकला होता तो पहिल्यांदा बाहेरून ऐकू आला. आणि बाहेरून तो अगदी साधा होता. कागदाचा आवाज. पाखराने पंख झटकावे, तेवढाच.

लोक हसले. सेक्रेटरींनी चष्मा पुसला आणि पुढचा कागद घाईने उचलला. तो तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या मावशींचा होता: “‘मला काहीच वाटत नाही. मी भाषणात पुढच्या रांगेतल्यांच्या कपड्यांची शिवण बघत असते.’” मग दंतवैद्यांचा: “‘समोरचा माणूस घाबरलेला असणे मला सवयीचे आहे.’”

“हे नक्की काय चाललंय?” सेक्रेटरींनी विचारले. प्रश्न मला होता. मी उभा राहिलो. घसा कोरडा होता, बाटली चौथ्या मजल्यावर होती. मी म्हणालो, “मला बोलायची भीती वाटते. त्याचे उपचार चालू आहेत. हे कागद त्यातले आहेत.” आवाज कापला. सरळ, निःसंशय कापला.

मी हशाची वाट पाहिली.

“मग एवढ्यासाठी रविवार घालवला?” मावशी म्हणाल्या. “झाकणाचं काय ते बोला आता.”

आणि झाकणावरून जी वादावादी पेटली, तिच्यात मी उभा आहे की बसलो आहे याकडे एकाही माणसाचे लक्ष नव्हते. अर्ध्या तासाने सेक्रेटरींनी, काहीशा सूडबुद्धीने, मला झाकण-उपसमितीचा निमंत्रक नेमले. मी वहीत नोंद केली: ‘विचार: सगळे हसतील. खात्री पंचाण्णव टक्के. प्रत्यक्षात: कुणी पाहिलेसुद्धा नाही.’ बाईंना फार आनंद झाला. मला मात्र, खरे सांगायचे तर, थोडा अपमान वाटला. इतक्या वर्षांची, इतक्या निष्ठेने जपलेली भीती. तिला निदान एक कटाक्ष तरी मिळायला हवा होता.

पुढचे तीन आठवडे मी दर रविवारी झाकणाविषयी बोललो. गंजाची खोली, पत्र्याची जाडी, बिजागरीचा प्रकार. आवाज दर वेळी कापला, पण कमी कमी. खात्रीचा आकडा पंचाण्णववरून साठावर, साठावरून चाळीसवर आला. ओव्हरसियर रोज जिन्यात विचारत, “गोण्या दिसतात का?” मी म्हणे, “अजून माणसंच दिसतात.” ते म्हणत, “येईल, येईल.”

ताईच्या निरोपाचा दिवस उजाडला. मी भाषण लिहिले होते, अर्धे पान. अर्थात तीन प्रतींत. झाकण-उपसमितीचा अहवाल ज्यावर लिहिला होता, कार्यालयाच्या त्याच पिवळसर कागदावर, चौघडी घालून, शर्टाच्या खिशात.

शाळेचे सभागृह भरलेले होते. ताई मधल्या उंच पाठीच्या खुर्चीत बसली होती. नेहमीपेक्षा लहान दिसत होती. बाटली मी बायकोकडे दिली. डावीकडचे दार उघडे होते. व्यासपीठापासून ते चौदा पावलांवर आहे, हे मी आल्या आल्या मोजून ठेवले होते. माझे नाव पुकारले गेले. मी माईकसमोर उभा राहिलो, कागद उलगडला आणि सरळ वाचायला लागलो.

“सन्माननीय सभासदहो. गच्चीवरील टाकीचे सदर झाकण गेली अठ्ठावीस वर्षे उन्हापावसात आपल्या जागी असून, त्याच्या कडा आता गंजल्या आहेत. ते तातडीने काढून, त्या जागी नवीन बसवावे, असे समितीचे एकमत आहे.”

वाक्य पूर्ण झाल्यावर मला कळले.

आधी मागच्या रांगेतून एक फुसकारा आला, मग दुसरीकडून खुदखुद, आणि मग सगळे सभागृह हसले. शिक्षक, शिपाई, आजी-माजी विद्यार्थी. ज्या एका गोष्टीसाठी मी सत्तेचाळीस वर्षे पळत होतो, ती अखेर झाली. पुरेपूर, कसलीही कसर न ठेवता. मी गोण्या पाहण्याचा प्रयत्न केला. पण गोण्या हसत नाहीत, हा त्या युक्तीतला दोष ओव्हरसियरांनी मला सांगितला नव्हता.

चौदा पावले. दार उघडे होते. पाय वळलेही. आणि मग मला बाईंची दोन खुर्च्यांची खोली आठवली. हसले तर? मग काय होईल? मला खरोखरच माहीत नव्हते. आणि त्या क्षणी, भीतीपेक्षा किंचित जास्त, मला ते माहीत करून घ्यावेसे वाटले.

मी थांबलो.

हसणे वर चढले. काही काळ तिथेच राहिले. मग उतरू लागले, जसे वाऱ्याने फुगलेले पडदे खिडकीपाशी पुन्हा सरळ होतात. कुणी डोळे पुसले, कुणी खाकरले. एक खुर्ची करकरली. समोरच्या भिंतीवर घड्याळ होते, आणि हे सगळे एकोणीस सेकंदांत आटोपले. मग सगळे माझ्याकडे पाहत राहिले. पुढे काय, म्हणून.

म्हणजे हे होते शेवटच्या पायरीखाली. एकोणीस सेकंद, आणि मग वाट पाहणारी माणसे.

“हा कागद चुकीचा आहे,” मी म्हणालो. “बरोबर कागद घरी राहिला. त्यात खूप चांगली वाक्यं होती.”

ताईने तोंडावर हात धरला होता. तिचे खांदे हलत होते.

“माझ्या प्रगतिपुस्तकावर हिच्या अकरा सह्या आहेत. सही करायच्या आधी ही सगळं वाचायची. गणितात काय झालंय ते दिसायचं तिला. पण ती रागवायची नाही. पेन हातात धरून एवढंच विचारायची, ‘बरं, मग काय झालं?’ आणि मी सांगेपर्यंत थांबायची.” माझा आवाज कापला. मी त्याला कापू दिले. “हिच्या हाताखालून गेलेल्या सगळ्यांना हे माहीत असेल. एवढंच सांगायचं होतं.”

मी माईक जागेवर ठेवला. हे मी नमूद करतो, कारण ते कुणाच्या लक्षात आले नाही.

नंतर चहा होता. बायकोने बाटली परत दिली आणि म्हणाली, “मी सांगितलंच होतं, खिसा तपासा म्हणून.” मी वहीचे पहिले पान काढून खात्रीच्या आकड्याखाली रेघ मारली, तो एक अर्ज कायमचा मंजूर झाला होता. मग शेवटचे पान उघडले आणि भिंतीला टेकवून लिहिले: ‘विचार: लोक हसतील. खात्री चाळीस टक्के. प्रत्यक्षात: हसले. शंभर टक्के. मग थांबले. मग मी बोललो.’

सातवा रकाना रिकामा होता. बाईंनी सांगितले होते की मी तिथे होतो, तेवढे पुरे. मला ते पटलेही होते, जवळजवळ.

“काय लिहितोस?” मागून ताई आली. मी वही मिटण्याच्या आत तिने ती घेतली. चष्मा लावला. पहिल्या पानापासून, एकेक ओळ, उभ्याउभ्याच वाचली. वेळ विचारलेले गृहस्थ, झाकण, खांबाआडची खुर्ची. तिला कधीच घाई नसते.

“साक्षीदार कोण आहे याला?” तिने शेवटच्या पानावर बोट ठेवले.

“तसं लागत नाही आता. बाई म्हणाल्या.”

“तुला लागतो,” ताई म्हणाली. “चल माझ्या खोलीत. शिक्का पाच वाजेपर्यंतच चालतो माझा.”

टेबल आवरलेले होते. कपाटे मोकळी होती. फक्त शाईची गादी आणि शिक्का मागे राहिला होता. तिने रकान्यात लिहिले, ‘मी समोर होते’, आणि खाली सही केली. तीच, प्रगतिपुस्तकावरची, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली. मग शिक्का उचलला, नेम धरला आणि दाबला. पाच वाजायला सात मिनिटे होती.

मी वही घ्यायला हात पुढे केला. तिने पानावर हळूच फुंकर घातली.

“लगेच मिटू नकोस,” ती म्हणाली. “ओली आहे अजून.”